जुन्या मर्सिडीजला बोअरचे पाणी पाजू नका

लग्नसराई चांगली गेली, उधारी वेळेवर वसूल झाली आणि हातात चार पैसे राहिले, की व्यापारी माणसाच्या मनात मोटारीचा विचार येतो. नवी घ्यावी तर हप्ते, जुनी घ्यावी तर कोणती, हा प्रश्न. अशा वेळी कोणी तरी पुण्या-मुंबईकडची एखादी जुनी मर्सिडीज सुचवतो. एके काळी ज्या गाडीकडे रस्त्यावरची माणसे वळून बघत, ती आज पुष्कळदा नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळते. नेवासा, शेवगाव, श्रीरामपूर या भागातील जे बंधू अशी गाडी बाळगून आहेत किंवा घेण्याच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी, आणि या गाड्यांचे काम करणाऱ्या कारागिरांसाठीही, चार कामाच्या गोष्टी येथे देत आहे.

गाडी घेताना आपण रंग बघतो, गाद्या बघतो, एसी लावून बघतो. बॉनेट उघडून पाण्याच्या टाकीत काय आहे हे बघणारे थोडे. वास्तविक या गाड्यांचे इंजिन लवकर झिजत नाही. ते निकामी होते तापून. आणि तापण्याच्या मुळाशी जाऊन पाहिले, तर आपल्या भागात बहुतेक वेळा पाणीच सापडते. पाणी कमी पडले म्हणून नव्हे, तर चुकीचे पाणी वर्षानुवर्षे घातले म्हणून.

मर्सिडीज कंपनीने १९९४ मध्ये भारतात आपली कंपनी काढली आणि १९९५ पासून पुण्याजवळ पिंपरी येथे टेल्कोच्या आवारात गाड्या जोडायला सुरुवात केली. (चाकणचा कारखाना पुढे २००९ मध्ये आला.) पहिली गाडी होती डब्ल्यू-१२४ या घराण्यातील. पेट्रोलची ई-२२० आणि डिझेलची ई-२५०. त्या गाड्या आता तीसेक वर्षांच्या झाल्या. आपल्याकडे जुन्या शौकीन लोकांकडे हिंदुस्तान मोटर्सची काँटेसाही आढळते. ती १९८४ ते २००२ पर्यंत निघत होती. या दोन गाड्यांचा मिजाज वेगळा, पण पाण्याचा हिशेब सारखाच आहे.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची ताकद ढोबळमानाने तीन हिश्शांत वाटली जाते. एक हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो, एक धुरासोबत सायलेन्सरमधून जातो आणि जवळजवळ तेवढाच पाण्यामार्फत बाहेर काढावा लागतो. म्हणजे जेवढ्या ताकदीने गाडी पळते, साधारण तेवढीच उष्णता रेडिएटरला दर मिनिटाला हवेत फेकावी लागते. सुरुवातीच्या मोटारी पाणी उकळून वाफ करीत आणि मालक वाटेत विहिरी शोधत. १९०० मध्ये विल्हेल्म मायबाख या इंजिनिअरने पहिल्या मर्सिडीजसाठी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ६ मिलिमीटर चौकोनी अशा ८,०७० बारीक नळ्या होत्या. त्यामुळे आधीच्या गाडीला जेथे १८ लिटर पाणी लागत होते, तेथे ९ लिटरमध्ये काम भागू लागले. पाणी थोडे आणि हवेला लागणारा पृष्ठभाग मोठा, ही त्यातील खुबी. आजचा रेडिएटर याच कल्पनेवर चालतो. पण या खुबीची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. नळ्या बारीक असल्या की त्या बुजायलाही वेळ लागत नाही.

पाण्याचा हिशेब

नेवाशाच्या आजूबाजूची काळी जमीन आणि मुळा-प्रवरेच्या कालव्यांवरचा ऊस यांना आपण सर्व जण ओळखतो. वर्षानुवर्षे पाणी देऊन कितीतरी जमिनी खारवट झाल्या. ज्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही आणि हंडा आतून पांढरा होतो, तेच पाणी ड्रायव्हर मुलगा बादलीने आणून रेडिएटरमध्ये ओततो. वरून म्हणतो, शेठ, पाणी फुल केले.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या सायझिंगवाल्या बंधूंना हा विषय समजावून सांगण्याची गरज नाही. सुताला खळ देऊन वाळवण्यासाठी वाफ लागते आणि वाफेसाठी बॉयलर. बॉयलरला जड पाणी दिले, की आत क्षाराची खपली धरते. मग तेवढ्याच वाफेला जास्त सरपण लागते, आणि खपली फार वाढली की नळी लाल होऊन फुगते. म्हणून सायझिंगवाला बॉयलरच्या आधी सॉफ्टनर बसवतो. रंगाईवालाही पाणी तपासून घेतो, कारण जड पाण्यात रंग डागाळतो. हजार-दोन हजार मीटर कापडासाठी आपण पाणी तपासतो, मग लाखांच्या इंजिनला कोणते पाणी देतो हे का बघू नये?

इंजिनातील खपलीही बॉयलरसारखीच. पाणी तापले की त्यातील विरघळलेला चुना बाहेर पडतो आणि जेथे धातू सर्वांत गरम तेथे आधी बसतो. इंजिनात ही जागा म्हणजे हेडमधील एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास. या थरातून उष्णता लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मानाने कित्येक पटींनी कमी जाते. म्हणजे काटा ९० दाखवत असताना थराच्या पलीकडचा धातू त्याहून पुष्कळ गरम असू शकतो. काटा फक्त पाण्याची गरमी सांगतो. हेड बाक धरते, गॅसकेट जळते आणि मालक म्हणतो, काटा तर बरोबर होता!

आता कोणी म्हणेल, सायझिंगच्या सॉफ्टनरचे पाणी घालू. तसेही करू नये. सॉफ्टनर पाण्यातील चुना काढून त्याच्या जागी सोडियम देतो. बॉयलरला ते चालते, पण पाण्यातील क्लोराइड जेथल्या तेथेच राहते आणि क्लोराइड हा ॲल्युमिनियमचा दुश्मन आहे. त्याने धातूला टाचणीने टोचावे तशी भोके पडतात. या गाड्यांच्या इंजिनचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे आणि रेडिएटरही ॲल्युमिनियमचा असतो. दोन वेगळे धातू आणि मध्ये क्षाराचे पाणी म्हणजे एक प्रकारची बॅटरीच झाली. त्यात खर्ची पडते ते ॲल्युमिनियम. यासाठी पाणी डिस्टिल्डच हवे, म्हणजे बॅटरीत घालतो ते. पाच-सहा लिटरचा डबा कोणत्याही बॅटरीच्या दुकानात मिळतो. घरच्या आरओ मशीनचे पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा बरे, पण त्याने डिस्टिल्डची बरोबरी होत नाही.

नुसते डिस्टिल्ड पाणीही पुरत नाही. त्यात कूलंट हवे. आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसला आहे, की कूलंट हे थंड मुलुखातले औषध आहे, पाणी गोठू नये म्हणून. नेवाशात बर्फ कुठे पडतो? कूलंटची मूळ वस्तू, म्हणजे ग्लायकॉल, पाणी गोठू देत नाही हे खरे. पण तेच ग्लायकॉल उकळण्याचा बिंदूही वर नेते. निम्मे पाणी आणि निम्मे कूलंट असेल, तर उघड्या भांड्यातही ते १०० ऐवजी सुमारे १०७ अंशांवर उकळते. आपल्याला त्याहून कामाची आहेत ती त्यात मिसळलेली गंजरोधक रसायने. ती धातूवर पातळ पडदा धरतात. हा पडदा काही वर्षांत झिजतो. म्हणून कूलंट दिसायला स्वच्छ असले तरी या जुन्या गाड्यांत दर तीन वर्षांनी बदलावे. टाकीत रंग दिसतो म्हणजे रसायन जिवंत आहे, असा अर्थ होत नाही.

रंगाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. दुकानात हिरवे, निळे, गुलाबी, नारिंगी अशी कूलंटे मिळतात आणि गिऱ्हाईक रंगाला रंग मिळवून घेऊन येते. आपण कापडवाले. रंगावरून सूत ओळखता येत नाही हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. डब्याच्या मागे मंजुरीचा क्रमांक बघावा. या जुन्या मर्सिडीजसाठी तो ३२५.० असा असतो. काँटेसा किंवा त्याआधीच्या गाडीत तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल, तर जुन्या पद्धतीचे, सिलिकेटवाले कूलंट घ्यावे, कारण काही नव्या जातींची डाखाशी पटत नाही. दोन जाती एकत्र केल्या तर कधी कधी आत जेलीसारखा गाळ धरतो आणि एकमेकांची रसायने कमजोर होतात. डबा तयार मिश्रणाचा आहे की पाणी घालायचा आहे हेही वाचावे. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. उलट, नुसते कूलंट भरणेही चूक. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते. समजा गाडीत नऊ लिटर मावत असेल, तर साडेचार-साडेचार हा सरळ हिशेब.

टोपी आणि कुकर

टाकीच्या टोपीला लोक झाकण समजतात. ते झाकण नाही, कुकरची शिट्टी आहे. घरच्या कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास जाऊनही उसळत नाही आणि मटण लवकर शिजते. या मर्सिडीजच्या टोपीवर १.४ बार असा आकडा असतो. एवढ्या दाबाखाली साधे पाणीही १२५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. टोपीचे रबर सुकले, स्प्रिंग ढिली पडली, की दाब टिकत नाही आणि बाकी सर्व ठीक असूनही मे महिन्यात घाटात पाणी उसळते. टोपी ही सर्वांत स्वस्त वस्तू, म्हणून तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष. आकडा बघून चांगल्या कंपनीची घ्यावी. गरम गाडीची टोपी मात्र कधी उघडू नये. दाब सुटताक्षणी आतले सर्व पाणी वाफ होऊन अंगावर येते. वरची जाड नळी हातात धरवेल इतकी थंड झाली, की मगच, कापड ठेवून, हळूहळू उघडावी.

थर्मोस्टॅट काढणारे मिस्त्री

आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याची गाडी घाटात गरम होत होती. शहरातील एका गॅरेजने थर्मोस्टॅट काढून फेकून दिला आणि सांगितले, आता पाणी मोकळे फिरेल, कटकट मिटली. हा इलाज आपल्याकडे सर्रास चालतो. ट्रकवर शिकलेले हात तोच नुस्खा मर्सिडीजवर चालवतात.

थर्मोस्टॅटमध्ये मेणाची एक गोळी असते. पाणी ८५-८७ अंशांवर आले की मेण वितळून फुगते आणि दार उघडते. तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते, त्यामुळे इंजिन लवकर आपल्या गरमीवर येते. इंजिन थंड राहिले तर पेट्रोल नीट जळत नाही, ते ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते, सिलिंडर झिजतो आणि ॲव्हरेज पडते. हे नुकसान सावकाश होते म्हणून कोणाच्या नजरेत येत नाही. या गाड्यांत आणखी एक भानगड आहे. थर्मोस्टॅटला दोन तबकड्या असतात. एक रेडिएटरची वाट उघडते, त्याच वेळी दुसरी आडवाट बंद करते. तो काढून टाकला, की आडवाट कायमची उघडी राहते आणि गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात जातो. म्हणजे थंडीत गाडी गरम होत नाही आणि घाटात थंड होत नाही. त्या व्यापाऱ्याच्या गाडीचे पुढच्याच उन्हाळ्यात हेड उतरवावे लागले.

थर्मोस्टॅट तपासणे सोपे आहे. पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने टांगता ठेवावा, थर्मामीटर बुडवावा आणि गॅसवर पाणी तापवावे. त्याच्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि थंड झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. शंका असेल तर नवा टाकावा, पण जागा रिकामी ठेवू नये.

आत साचलेले कसे काढावे

गाडी घेतली आणि टाकीत तांबडे किंवा दुधी पाणी दिसले, तर आधी सफाई. रेडिएटरखालचा बोळा उघडून पाणी सोडले की झाले असे समजतात. पण इंजिनच्या ब्लॉकलाही एक वेगळा बोळा असतो. तो न उघडल्यास जवळजवळ निम्मे जुने पाणी आतच राहते. एसीचे बटण गरमवर ठेवून सफाई करावी, कारण आपल्याकडे हीटर कोणी लावत नाही आणि त्याच्या नळ्यांत वर्षानुवर्षांचे पाणी पडून असते.

चुन्याची खपली काढायला लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, हा जुना आणि कंपनीनेही मान्य केलेला उपाय आहे. पाण्यात दर लिटरला १०० ग्रॅम या हिशेबाने विरघळवून भरावे, इंजिन ८० अंशांवर आणून दहा-एक मिनिटे चालवावे, थोडे निवले की सोडून द्यावे आणि साध्या पाण्याने तीन-चार वेळा, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवावे. तेजाब घालून पाच मिनिटांत साफ करून देतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहावे. ते चुन्याबरोबर ॲल्युमिनियमही खाते. आपल्या धंद्यातील कोणी कॉस्टिक सोडा वापरण्याचा विचार करील. सुताला मर्सराइझ करणारा हाच सोडा ॲल्युमिनियम विरघळवून टाकतो, हे प्रोसेसवाल्यांना विचारावे. एक इशारा मात्र देणे जरूर आहे. रेडिएटर आतून सडलेला असेल आणि केवळ खपलीमुळे गळत नसेल, तर सफाईनंतर तो गळू लागेल. त्यात सफाईचा दोष नाही. तो गळणारच होता, फक्त माळशेज घाटाच्या मध्यावर.

भरताना गाडीचे तोंड थोडे उंचावर ठेवावे, म्हणजे आतली हवा निघते. नळ्या हाताने दाबत दाबत भरावे. हवेचा फुगा हेडमध्ये अडकला, तर पाणी पूर्ण असूनही ती जागा कोरडी तापते.

या गाड्यांच्या रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. वीस-पंचवीस वर्षांच्या गरमीने प्लास्टिक ठिसूळ होते. डब्ल्यू-१२४ मध्ये वरची जाड नळी जेथे बसते ते प्लास्टिकचे तोंड एके दिवशी कडकन तुटते आणि दोन मिनिटांत सर्व पाणी रस्त्यावर येते. पुढच्या काळातील रेडिएटरमध्ये या तोंडात धातूची नळी बसवलेली असते. घेताना बोट घालून बघावे. प्लास्टिक काळ्याचे तपकिरी झाले असेल, बारीक रेषा दिसत असतील, तर वाट बघू नये. जुन्या बीएमडब्ल्यूत हीच तक्रार टाकीची, आणि काही मॉडेलमध्ये वॉटर पंपाच्या प्लास्टिकच्या पंख्याचीही असते. ऑटोमॅटिक गिअरच्या पुष्कळ गाड्यांत गिअर ऑइल थंड करण्याची नळी रेडिएटरच्या टाकीतच असते. ती आत फुटली, की कूलंट गिअरबॉक्समध्ये उतरते आणि ऑइल फालुद्यासारखे गुलाबी-दुधी होते. त्या गिअरबॉक्सचा खर्च मी येथे सांगत नाही.

बाहेरच्या बाजूनेही जाळी बुजते. पॉवरलूमच्या मोटारीवर कापसाचे तंतू बसून ती कशी जळते हे आपण पाहतो. गाडीत एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे, या दोहोंच्या मध्ये किडे, धूळ आणि आपल्या भागात उसाचे पाचट अडकून गादी तयार होते. समोरून बघितले तर जाळी स्वच्छ दिसते. वर्षातून एकदा दोन्ही सुटे करून, इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला, हलक्या धारेने धुवावे. सर्व्हिस सेंटरची जोराची धार पाती वाकवते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला कारखाने सुरू झाले, की भेंडे, सोनईकडच्या रस्त्याने ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागे आपली गाडी रांगत चालते. पंख्याची खरी परीक्षा तेव्हा. पळत्या गाडीला हवा आपोआप मिळते, रांगत्या गाडीला पंखाच तारतो. गाडीप्रमाणे पंख्याची बनावट वेगळी असते, पण मुख्य पंखा पुष्कळदा इंजिनवर, सिलिकॉन तेलाच्या क्लचने चालतो. तेल गळून गेले की तो नुसता ढिला फिरतो. इंजिन बंद करून, गाडी गरम असताना, पंखा हाताने फिरवून बघावा. अडून फिरला पाहिजे, सोडल्यावर भिरभिरत राहता कामा नये. पुढचा विजेचा पंखा एसी लावल्यावर कमी वेगाने आणि पाणी १०५-१०७ अंशांपर्यंत गेल्यावर पूर्ण वेगाने चालतो. कमी वेगासाठी एक छोटा रेझिस्टर असतो. तो जळाला की पंखा फक्त शेवटच्या घटकेला धावतो, आणि एसी ट्रॅफिकमध्ये गरम हवा देतो. एसीवाल्याकडे गॅस भरायला जाण्याआधी हा रेझिस्टर बघावा.

वाटेत गाडी तापली तर

काट्यावर ४०, ८० आणि १२० अशा खुणा आहेत. ८० ते ९५ हे घर समजावे. उन्हाळ्यात, एसी लावून, गर्दीत १०० च्या वर गेला म्हणून घाबरू नये. ११० ओलांडून चढतच राहिला, तर एसी बंद करावा, काचा खाली करून हीटर पूर्ण लावावा (उकडेल, पण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे) आणि सावली बघून थांबावे. वाफ दिसत नसेल तर एक-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवून मग बंद करावे. वाफ दिसली, तर लगेच बंद. आणि चढलेला काटा एकदम खाली पडला तर ते थंड झाल्याचे लक्षण समजू नये. काट्याच्या सेन्सरभोवती पाणीच उरले नसेल तर काटा असाच पडतो. ही एक गोष्ट ड्रायव्हरला शिकवली, तरी इंजिन वाचण्याची आशा राहते.

गरम इंजिनात ढाब्यावरचे गार पाणी ओतू नये, हेडला चीर जाते. अर्धा-पाऊण तास थांबावे. पाणी घालणे भागच असेल, तर हापशाच्या पाण्यापेक्षा बाटलीचे पिण्याचे पाणी बरे, आणि घरी आल्यावर सर्व बदलून घ्यावे.

रेडिएटरच्या कारागिरांसाठी

या कामात आपल्या समाजातील पुष्कळ हात आहेत. तांब्या-पितळेच्या रेडिएटरची टाकी उघडून नळ्यांत सळई फिरवणे, ज्याला रॉडिंग म्हणतात, गळती नळी शोधणे, डाख देणे, हा पिढ्यांचा हुनर आहे आणि तो कल्हईचा सख्खा भाऊ आहे. ॲल्युमिनियम-प्लास्टिक आल्यापासून हे काम घटले, कारण त्याला साधा डाख लागत नाही आणि प्लास्टिक टाकी नुसती पत्र्याचे दात वाकवून, मध्ये रबर ठेवून बसवलेली असते. पण जुन्या महागड्या गाड्यांनी याच कारागिराला नवे काम दिले आहे. नवा अस्सल रेडिएटर महाग, कधी मिळतच नाही. जो उस्ताद दात न तोडता टाकी उघडेल, रबर बदलेल, नवी टाकी बसवून दाबाखाली तपासून देईल, किंवा जुन्या मापाची तांब्या-पितळेची जाळी बनवून देईल, त्याला गिऱ्हाईक लांबून शोधत येते.

यात दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक, दाबाची तपासणी. हातपंप आणि घड्याळ लावून १.४ बारवर दहा मिनिटे दाब टिकला तरच गाडी द्यावी आणि तो आकडा पावतीवर लिहावा. अशा गाडीचा मालक हजार-पाचशे जास्त देतो, पण पावती मागतो. दुसरी, डाखासाठी तेजाबात जस्त मारून केलेले पाणी किंवा नवसागर वापरला, तर काम झाल्यावर गरम पाण्याने आतून-बाहेरून खळखळून धुवावे. आत राहिलेला अंश सहा महिन्यांत नेमक्या त्याच जोडाला खातो आणि नाव कारागिराचे जाते. शिशाच्या धुराचे काम बंद खोलीत करू नये, हे वेगळे सांगायला नको.

कोणाला जुन्या रेडिएटरचा दिमाख बघायचा असेल, तर अहिल्यानगरला (पूर्वीच्या अहमदनगरला) १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती मोटार ठेवली आहे. त्या काळची ती सर्वांत उंची गाडी. अशा चिलखती गाड्यांत रेडिएटरसमोर पोलादी दारे असत. गोळीबार सुरू झाला की ती मिटायची आणि थांबला की हवेसाठी उघडायची. अरबस्तानच्या वाळवंटात पहिल्या महायुद्धात या गाड्या धावल्या, तेव्हा गोळीइतकीच काळजी पाण्याची होती.

शेवटी जुन्या कूलंटबद्दल. ग्लायकॉल चवीला गोड असते आणि जहाल विषारी असते. गॅरेजच्या दारात सांडलेले कूलंट शेळी किंवा कुत्रे चाटते आणि एक-दोन दिवसांत मरते. लहान मुलांनाही तोच धोका. काढलेले कूलंट झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाताबाहेर ठेवावे. गटारात किंवा विहिरीच्या बाजूला ओतू नये, आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर मुळीच भरून ठेवू नये. सांडलेच तर त्यावर माती टाकून ती उचलावी आणि जागा भरपूर पाण्याने धुऊन काढावी.